धूर इथला, फायदाही इथलाच: हवामान बदलावरचे उपाय आणि आपली तब्येत

हवामान बदलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. आपण कोळसा कमी जाळला, गाडीऐवजी बसने गेलो, तर जगाच्या तापमानात असा काय फरक पडणार? चीनच्या चिमण्या चालूच आहेत, अमेरिका पॅरिस करारात येते आणि बाहेर पडते. मग खर्च आणि त्रास आपणच का सोसायचा?

प्रश्न रास्त आहे, नुसत्या कळकळीने त्याचं उत्तर देता येत नाही. एक टन कार्बन डायऑक्साइड चंद्रपुरात हवेत गेला काय नि टेक्सासमध्ये गेला काय, पृथ्वी सारखीच तापते. हा वायू शेकडो वर्षं वातावरणात टिकतो. त्यामुळे आज तो कमी केला तर त्याचा लाभ साऱ्या जगात वाटला जातो, आणि त्यातला बराचसा आपल्या नातवंडांच्या वाट्याला येतो. पण ज्या कोळशातून, डिझेलमधून, लाकडातून तो निघतो त्याच धुरात आणखीही बरंच काही असतं: सूक्ष्म कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, काजळी. हे सगळं हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे राहतं. वाऱ्याने पांगतं, पावसाने धुऊन जातं. जाळणं थांबलं की थोड्याच दिवसांत हवा सुधारते, आणि ती त्याच तालुक्यात, त्याच शहरात सुधारते. त्यासाठी दुसऱ्या कुठल्या देशाची वाट पाहावी लागत नाही.

कार्बन कमी करण्याच्या उपायांचा सगळ्यात जवळचा लाभ आपल्या स्वतःच्या छातीला, हृदयाला, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना मिळतो. तो आपल्याच हयातीत मिळतो. हवामानाच्या चर्चेत ही गोष्ट नेहमी मागे पडते, म्हणून तीच इथे नीट उलगडून सांगायची आहे.

धुरातला कण आणि शरीर

बातम्यांत येणारा 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते, हे कण अडत नाहीत. ते फुफ्फुसांच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात, तिथे दाह निर्माण करतात, आणि त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला नि दमा आठवतो, पण प्रदूषणामुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा फार मोठा आहे. गरोदरपणात अशी हवा सतत छातीत गेली तर मूल अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा दर घनमीटर हवेत १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. भारताचं अधिकृत मानक ४० आहे. म्हणजे कागदावर 'मर्यादेत' असलेलं आपलं शहरसुद्धा आरोग्याच्या मोजपट्टीवर आठपट वर असू शकतं. भारतात २०१९ साली सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी जोडता येतात, असा अंदाज राज्यवार रोगभाराच्या अभ्यासात मांडला गेला. देशातल्या एकूण मृत्यूंच्या तो जवळजवळ १८ टक्के होतो. हा अंदाज आहे, मृत्यूच्या दाखल्यावर 'हवा' असं कारण कोणी लिहीत नाही. पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. १९९० पासून घरातल्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर निम्म्याहून जास्त घटला, आणि बाहेरच्या हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर दुपटीहून अधिक झाला. एका बाजूने कमावलेलं आपण दुसऱ्या बाजूने घालवत आहोत.

जाळणं थांबल्यावर खरंच फरक पडतो का?

हे तपासायचं तर दोन सारख्या गावांपैकी एकात मुद्दाम धूर सोडून पाहता येत नाही. त्यामुळे संशोधक अशा जागा शोधतात जिथे धूर आपोआप थांबला. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या युटा खोऱ्याचं. तिथला पोलादाचा मोठा कारखाना कामगारांच्या वादामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा सुमारे वर्षभर बंद राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्या भागातल्या रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजारांनी दाखल होणारी मुलं बंद असलेल्या हिवाळ्याच्या दोन ते तीन पट होती. खोरं तेच, थंडी तीच, घरं तीच. बदललं होतं ते फक्त चिमणीतून येणारं.

तो कारखाना हवामानासाठी बंद झाला नव्हता. कॅलिफोर्नियातलं उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचं आहे. २००१ ते २०११ या काळात तिथली कोळशावर आणि तेलावर चालणारी आठ वीज केंद्रं बंद झाली. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण बंद होण्याआधी ७ टक्के होतं, ते नंतर ५.१ टक्क्यांवर आलं. दूर राहणाऱ्यांमध्ये एवढा फरक दिसला नाही. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये तर दम्याच्या रुग्णांच्या पंपाला छोटे सेन्सर बसवलेले होते, त्यामुळे कोणी किती वेळा पंप ओढला याची नोंद आपोआप होत होती. आजूबाजूच्या कोळसा केंद्रांपैकी एक बंद झालं, काहींवर धूर धुणारी यंत्रं बसली, आणि पंपाचा वापर उतरला.

प्रत्येक निष्कर्ष असाच ठाम टिकतो असं मात्र नाही. आयर्लंडच्या सरकारने १९९० मध्ये डब्लिन शहरात घरगुती दगडी कोळशाच्या विक्रीवर बंदी घातली. हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्के कमी झाला. पहिल्या अभ्यासात श्वसनाचे आणि हृदयाचे, दोन्ही प्रकारचे मृत्यू घटल्याचं दिसलं. पुढे तोच हिशेब अधिक काटेकोरपणे मांडल्यावर श्वसनाचा फायदा टिकला, हृदयाचा टिकला नाही, कारण हृदयविकाराचे मृत्यू त्या काळात बंदी नसलेल्या भागांतही घटत होते. अशी फेरतपासणी होते म्हणूनच उरलेल्या निष्कर्षांवर माझा विश्वास बसतो.

चंद्रपूर, कोराडी आणि राखेचा प्रश्न

आपल्या देशात ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशातून येते आणि वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण मोठं, साधारण ३० ते ४५ टक्के. चंद्रपूरचं महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं केंद्र, नागपूरजवळची कोराडी आणि खापरखेडा, भुसावळ, परळी, नाशिकचं एकलहरे: महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार यांनी वाहिला आणि त्याची किंमत शेजारच्या गावांनी दिली. ती किंमत नुसती धुराची नसते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं होतं. मुंबई-पुण्यात बसून आपण बटण दाबतो आणि राख विदर्भात पडते, हे आपण स्वतःशी तरी मान्य करायला हवं.

सल्फर डायऑक्साइड चिमणीतून वायूच्या रूपात बाहेर पडतो, पण हवेत त्याचं सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होतं आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात. तो चिमणीतच चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा असते, तिला एफजीडी म्हणतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ती जवळपास अपरिहार्य करणारे नियम काढले आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुनःपुन्हा वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतांश केंद्रांना यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक (सल्फर) कमी असतं, असं त्यामागचं एक कारण दिलं गेलं. टक्केवारी कमी आहे हे खरं, पण जळणारे टन अफाट आहेत आणि फुफ्फुसाला टक्केवारी कळत नाही. हा निर्णय मला पटत नाही.

यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. धूर धुणारी यंत्रणा बसवली तर हवा सुधारते, पण कार्बन कमी होत नाही. उलट ती यंत्रणा स्वतः थोडी वीज खाते आणि चुनखडीतून थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो. त्याच जागी सौर किंवा पवन वीज आली तर धूर, राख, गंधक, पारा आणि कार्बन, सगळंच एकदम टळतं. म्हणून उद्या बंद होणार असलेल्या जुन्या संचावर कोट्यवधी रुपये खर्चून यंत्र बसवण्यापेक्षा तो लवकर बंद करणं शहाणपणाचं. पण जो संच पुढची वीस वर्षं चालणार आहे, त्याला यंत्राशिवाय चालवायला माफी नसावी. आणि बंद करताना त्या केंद्रावर, खाणीवर पोट असलेल्यांची सोय आधी लागली पाहिजे. बेरोजगारीनेही माणसं आजारी पडतात.

चूल

घरातल्या धुराबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं, कारण इथे हवामान आणि आरोग्य यांचा संबंध सगळ्यात सरळ वाटतो आणि तरीही त्यात गुंते आहेत.

लाकूड, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या चुलीत पुरत्या जळत नाहीत. त्यातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन निघतो. काजळी ऊन शोषून हवा तापवते, आणि हिमालयाच्या बर्फावर बसली तर बर्फ काळवंडून लवकर वितळतो. तीच काजळी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जाते. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बायकांना म्हातारपणी जो दम लागतो, त्यामागे बऱ्याचदा चूल असते. मोतीबिंदू आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशीही या धुराचा संबंध आहे. किर्क स्मिथ या संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतातल्या खेड्यांत स्वयंपाकघरातली हवा मोजली, तोवर हवेचं प्रदूषण म्हणजे शहराचा आणि कारखान्याचा प्रश्न, असाच समज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात घरातल्या धुराने ३२ लाख माणसं गेली.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आजवर १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. गॅस हेही खनिज इंधनच आहे, मग यात हवामानाचं भलं कसं? चुलीच्या काजळी-मिथेनचा आणि तोडलेल्या पण पुन्हा न वाढलेल्या झाडांचा हिशेब धरला तर गॅसची शेगडी साध्या चुलीपेक्षा हवामानालाही सहसा कमी जड पडते. म्हणून गरीब घराला 'खनिज इंधन नको' असं सांगून चुलीपुढे बसवणं मला अन्यायाचं वाटतं. विजेची शेगडी किंवा गोबरगॅस जिथे शक्य असेल तिथे अधिकच चांगलं.

पण नुसती टाकी घरात येऊन भागत नाही. चहा गॅसवर, आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण चुलीवर, असं कितीतरी घरांत चालतं, कारण सिलिंडर भरायला एकदम लागणारी रक्कम हातात नसते आणि जळण फुकट मिळतं. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या देशांत गरोदर बायकांना गॅस आणि शेगडी मोफत देऊन एक मोठी चाचणी झाली. भारतातला तिचा भाग तामिळनाडूत होता. चुलीवरच राहिलेल्या बायकांच्या श्वासातला सूक्ष्म कणांचा भार साधारण ७० मायक्रोग्रॅम होता, गॅस मिळालेल्यांचा २४. तरीही २०२२ मध्ये आलेल्या निकालात बाळांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही, आणि पुढे मुलांच्या गंभीर न्यूमोनियातही दिसला नाही.

हा निकाल वाचून अनेकांची निराशा झाली. माझ्या मते त्यातून वेगळा धडा निघतो. २४ हा आकडाही आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट आहे. शिवाय गॅस मिळाला तेव्हा गर्भारपणाचे काही महिने उलटून गेले होते. शेजारच्या सात घरांत चूल पेटत असेल, कोपऱ्यावर कचरा जळत असेल, तर एका घरातल्या शेगडीने हवा कितीशी बदलणार? उपाय अख्ख्या वाडीचा, अख्ख्या गावाचा असावा लागतो, आणि सिलिंडर परवडत राहील अशी सोय वर्षानुवर्षं टिकवावी लागते.

रात्रीची लाईट

हवामानाच्या परिषदांत ज्याची चर्चा ऐकू येत नाही असा एक फायदा मराठी शेतकऱ्याला लगेच समजतो. कृषी फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, थ्री-फेज वीज ठरावीक तास येते, एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, स्टार्टर दाबतो आणि पहाटेपर्यंत पाणी वळवत, दारं धरत फिरतो. पायाखाली चिखल, आजूबाजूला ऊस. घोणस बहुतेक अंधारातच बाहेर पडते. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात बिबट्याची भीती वेगळी. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावला की शॉकचा धोका असतो, जानेवारीच्या थंडीत भिजणं असतं, आणि रात्रीची गेलेली झोप दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही, कारण सकाळी गोठा वाट पाहत असतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले.

सूर्य दिवसाच तळपतो, ही सौर विजेची अडचण म्हणून सांगितली जाते. शेतीसाठी तीच जमेची बाजू आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती आणली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, ही कल्पना. लक्ष्य १६ हजार मेगावॉटचं. जाहिरातीत 'दिवसा वीज' हे शब्द असतात आणि ते सोयीचं आश्वासन म्हणून वाचले जातात. मला ती आरोग्य योजनाही वाटते. कोळसा तर वाचतोच, पण शेतकऱ्याचा पाय अंधारात पडत नाही.

यानेही सगळं सुटत नाही. मण्यार घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते, तिथे फीडरचा संबंध नाही. दिवसा गवत कापतानाही दंश होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते देण्याची हिंमत असलेला डॉक्टर लागतोच. आणि दिवसभर स्वस्त वीज मिळाली म्हणून विहिरी-बोअर उपसत राहिलो तर पाण्याचं नवं संकट ओढवेल, तिकडेही लक्ष हवं.

चालणं, बस आणि शहर

पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या तर शहराची हवा सुधारेल, यात शंका नाही. पण प्रत्येक घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या, हे काही आरोग्याचं चित्र नव्हे. २००९ मध्ये लंडन आणि दिल्ली या दोन शहरांचा हिशेब एका अभ्यासात मांडला गेला. कमी धुराच्या गाड्यांनी मिळणारा लाभ आणि चालणं-सायकल वाढल्याने मिळणारा लाभ यांची तुलना केली, तर दोन्ही शहरांत चालण्या-सायकलीचा लाभ कितीतरी मोठा निघाला. कारण उघड आहे: गाडी बदलली तर फक्त हवा बदलते, पायी चाललो तर रक्तदाब, साखर, हृदय, मन सगळ्यालाच फायदा होतो. भारतात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. बसने जाणारा माणूस थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून चालतो, एवढ्याने रोजचा व्यायाम बराचसा होऊन जातो.

पण 'चाला' असा उपदेश करण्याआधी चालायला जागा द्यावी लागते. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. आज तिथे शहाणा पालक मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला कचरतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पदपथ सलग नसेल, सायकलीला वेगळी जागा नसेल, तर धुराऐवजी अपघाताने माणसं जातील. इथे महापालिकेच्या अंदाजपत्रकातला उड्डाणपुलाचा आकडा आणि पदपथाचा आकडा शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे आपलं आरोग्य धोरण कळतं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन निघतो. तो हवेत सुमारे १२ वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त तापवतो. जमिनीलगत ओझोन तयार होण्यातही त्याचा हात असतो, आणि हा ओझोन फुफ्फुसाला जाचक. ढिगातला वायू पेटला की काय होतं ते मुंबईने २०१६ च्या जानेवारीत देवनारला पाहिलं. आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांत धुराचा पट्टा दिसला. ओला कचरा वेगळा काढून त्याचं खत किंवा गॅस करणं, हा कंटाळवाणा वाटणारा उपाय दोन्ही बाजूंनी कामाचा आहे.

आहाराच्या बाबतीत पाश्चात्त्य देशांतला 'मांस कमी करा' हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. आपल्याकडचा सरासरी माणूस मांस थोडंच खातो. आपला प्रश्न पांढऱ्या भाताचा, मैद्याचा आणि साखरेचा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पाणी कमी लागतं, भातखाचरांसारखा मिथेन त्यातून निघत नाही, आणि साखर असलेल्या माणसालाही ती भातापेक्षा सहसा बरी.

उष्णतेवरचे उपाय हा खरं तर वेगळा विषय, पण एक उल्लेख हवाच. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये शहराने उष्माघाताशी लढण्याचा आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणी, पुढे गरीब वस्त्यांच्या पत्र्यांना चुन्याचा पांढरा हात. नंतरच्या अभ्यासाने वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. पांढऱ्या छताखाली पंख्यावर भागतं, एसीची गरज कमी होते, म्हणजे तिथेही कोळसा वाचतो.

जिथे दोन्ही जुळत नाहीत

प्रत्येक हवामान उपाय आरोग्याला पोषक असतो असं समजणं धोक्याचं आहे. युरोपने नेमकी हीच चूक केली. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा कार्बन थोडा कमी सोडते म्हणून ब्रिटनसारख्या देशांनी करांत तिला झुकतं माप दिलं. शहरं डिझेल गाड्यांनी भरली, नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले, आणि २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणीत फसवणूक केल्याचं उघड झालं तेव्हा कळलं की रस्त्यावरचा धूर कागदापेक्षा कितीतरी जास्त होता. फक्त कार्बन मोजला की असं होतं.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. सल्फेटचे कण ऊन परतवतात, त्यामुळे ते पृथ्वीला थोडं थंड ठेवतात. २०२० मध्ये जगभरच्या जहाजांच्या इंधनातलं गंधक ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणलं गेलं. बंदरांलगतची हवा सुधारली, पण झाकली गेलेली थोडी उष्णता उघडी पडली. याचा अर्थ घाण हवा ठेवावी असा नाही, तिने माणसं मरतात. अर्थ इतकाच की गंधक कमी करताना काजळी, मिथेन आणि कार्बनही सोबतच खाली आणले पाहिजेत.

पैसे कोणाचे, फायदा कोणाचा

पॅरिस कराराची उद्दिष्टं गाठायला येणारा खर्च आणि त्यातून वाचणारे जीव यांचा हिशेब २०१८ मध्ये एका जागतिक अभ्यासात मांडला गेला. हवा सुधारल्याने होणारा आरोग्याचा लाभच खर्चाच्या साधारण १.४ ते २.४५ पट निघाला, आणि सर्वाधिक लाभ भारत आणि चीनला. कारण आपल्याकडे धूर जास्त आणि तो श्वासात घेणारी माणसंही जास्त.

मग हे झपाट्याने का होत नाही? कारण खर्च एका खात्यात पडतो आणि बचत दुसऱ्याच्या खिशात. सौर प्रकल्पाचा, चार्जिंगचा, बसचा पैसा वीज कंपनी, परिवहन मंडळ, महापालिका घालते. वाचतं ते एखाद्या घराचं दवाखान्याचं बिल, एखाद्या मजुराचा बुडणारा रोज, एखाद्या अर्भकाचे काचेच्या पेटीतले दिवस. ही बचत कोणत्याच अंदाजपत्रकात जमेला दिसत नाही. म्हणून सौर वीज स्वस्त की कोळशाची हा वाद युनिटच्या दरावरच अडकतो, आणि दवाखान्याची पावती त्यात कोणी धरत नाही.

ती धरायची संधी महाराष्ट्रात आत्ता आहे. शेतीचे फीडर एकाच दिवशी सौर विजेवर जात नाहीत, कुठला यंदा जातो, कुठला दोन वर्षांनी. म्हणजे शेजारशेजारच्या गावांपैकी एकात रात्रीची पाळी संपलेली आणि दुसऱ्यात चालू, अशी स्थिती काही काळ राहणार. युटा खोऱ्यात संशोधकांना जे योगायोगाने मिळालं, ते इथे योजनेच्या वेळापत्रकातच आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. महावितरणकडे फीडर कोणत्या तारखेला दिवसावर गेला याची नोंद असते. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये दंश झालेल्याचं गाव आणि वेळ लिहिता येते. तालुका पातळीवर ही दोन रजिस्टरं दर तीन महिन्यांनी एका टेबलावर आणायची, आणि शॉकचे, बिबट्याच्या हल्ल्याचे, रात्रीच्या अपघातांचे आकडेही त्यात घ्यायचे. याला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. तहसीलदार, महावितरणचे उपअभियंता आणि तालुका आरोग्य अधिकारी, एवढे तिघे पुरेत. ग्रामसभेत ही मागणी ठरावाने मांडता येते.